शेक

मोरेश्वर कापगते यांच्या गालातल्या कर्करोगाच्या गाठीवर रोज सकाळी यंत्रातून जे किरण सोडले जात होते, त्यांना डॉक्टरांकडे लांबलचक इंग्रजी नाव होतं. पण नागपूरच्या त्या इस्पितळात, खोलीबाहेरच्या बाकावर ताटकळणारं कोणी ते नाव घेत नसे. सगळे म्हणत शेक. “तुमचा शेक झाला काय?” “आमच्या बुढ्याचे अजून पंधरा शेक बाकी हायेत.” बाळंतिणीला देतात तो शेक, मुरगळलेल्या पायाला देतात तो शेक आणि हाही शेकच. शब्द घरातला असला की भीती निम्मी होते, म्हणून माणसं असे शब्द शोधत असावीत. मोरेश्वररावांची मुलगी केतकी रसायनशास्त्रातली डॉक्टर. तिला आधी या शब्दाचं हसू यायचं. पुढे तिला तो ऐकवेनासा का झाला, त्याचीच ही गोष्ट.

केतकीची प्रयोगशाळा भंडारा जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली खोल होती. याच खाणीत मोरेश्वररावांनी उमेदीची सगळी वर्षं सुरुंग भरण्यात काढली होती. “बापानं खोदलं अन् पोरीनं त्यात खुर्ची टाकली,” असं गावातले लोक चेष्टेनं म्हणत. खुर्ची एवढ्या खाली टाकायला कारण होतं. आकाशातून विश्वकिरणांचा मारा आपल्यावर अखंड चालू असतो. डोंगराएवढा खडक मध्ये आला की तो बराचसा अडतो. केतकीच्या हाताखाली जो पदार्थ होता तो किरणांनीच घडवलेला होता, म्हणून त्याला किरणांपासून लांब ठेवणं भाग होतं.

तो आला होता नेपच्यूनच्या पलीकडे फिरणाऱ्या, एखाद्या तालुक्याएवढ्या बर्फाच्या गोळ्यावरून. कागदोपत्री त्या गोळ्याचं नाव म्हणजे नुसते आकडे. रंगानं लालसर, म्हणून खाणीतली मंडळी त्याला तांबडी म्हणत, दारातल्या गाईला म्हणावं तसं. चार देशांनी मिळून पाठवलेलं यान तांबडीच्या अंगावरचा चिमूटभर थर काढून घेऊन आलं आणि त्यातला कणभर वाटा इथं आला.

तो लाल रंग कुठून येतो हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं. तिथल्या बर्फात पाण्याबरोबर मिथेन, अमोनिया अशी साधी द्रव्यं गोठलेली असतात. त्यांवर किरण आदळला की रेणू फुटतो. उबदार जागी ते तुकडे पळून गेले असते, पण तिथल्या थंडीत तुकड्याला हलायलाच जागा नसते. मग तो शेजारच्या तुकड्याचा हात धरतो. असं कोट्यवधी वर्षं चाललं की साध्या द्रव्यांतून कार्बनच्या लांबलचक, गुंतलेल्या, तपकिरी साखळ्या तयार होतात. दुधाच्या पातेल्याच्या बुडाला धरते तशी बर्फावर खरवड धरते. प्रयोगशाळेत तिला सगळे खरवडच म्हणत.

जे कोणालाच ठाऊक नव्हतं ते केतकीनं आणि तिचा सहकारी चैतन्य निखाडे यानं शोधून काढलं होतं. साडेचार अब्ज वर्षं मार खात राहणं ही काही थोडीथोडकी गोष्ट नाही. एवढ्या काळात जे रेणू फुटून संपायचे ते संपले. मग उरले कोण? फुटल्यावर ज्यांचा प्रत्येक तुकडा आजूबाजूचा माल ओढून पुन्हा पूर्ण होतो, ते. एकाचे दोन, दोनांचे चार. रक्तबीजाची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो, त्यातलीच गत. मारणाऱ्यानंच त्यांना वाढायला शिकवलं होतं. खरवड जिवंत नव्हती. तिला पेशी नव्हत्या, भूक नव्हती, काही नव्हतं. किरणांविना ठेवली तर ती धुळीसारखी पडून राही आणि किरण लागले की वाढे. पण तेही फक्त उणे दोनशे अंशांच्या बर्फात आणि मुंगीच्या पावलानं, असा सगळ्यांचा समज होता.

त्या गुरुवारी सकाळी चैतन्यनं हाक मारली. “मॅडम, जरा इकडे या. अन् बसून पाहा.”

खरवडीचा नमुना नागपूरच्या प्रयोगशाळेत न्यायचा होता. परवानगीसाठी, ती उबेत काहीच करत नाही हे दाखवायचं होतं. नुसता सोपस्कार. चैतन्यनं अंगाएवढ्या कोमट, खारट जेलीच्या दोन बशा घेतल्या आणि दोन्हींत खरवडीचा दिसेल न दिसेल असा कण टाकला. एक बशी शिशाच्या कोठडीत ठेवून तिला कोबाल्टचे किरण दिले, दुसरी तशीच ठेवली. तशीच ठेवलेल्या बशीत कण कणच होता. दुसऱ्या बशीत जेली नावालाही उरली नव्हती. या काठापासून त्या काठापर्यंत कोरडी, चकचकीत, तपकिरी खरवड.

“किती डोस दिला?” केतकीनं विचारलं.

“जास्त नाही. इस्पितळात पेशंटला देतात तेवढाच. म्हटलं, परवानगीवाले हेच विचारतील.”

केतकीच्या डोळ्यांपुढे बाबांचा गाल आला. तिनं स्वतःला समजावलं. बाबा नागपुरात, खरवड इथं कडीकुलपात. दोघांचा संबंध काय? आणि मग तिला डबी आठवली.

यान परतलं त्या वर्षी प्रयोगशाळेनं एक दिवस लोकांसाठी दारं उघडली होती. लोकांनी रांगा लावल्या. आभाळातून आलेली वस्तू म्हटल्यावर त्यांनी चपला बाहेर काढल्या, हात जोडले, काही जणांनी नारळही आणले. आलेल्यांना आठवण म्हणून एकेक काचेची डबी मिळाली. तिच्यात यानातल्या, नमुना ठेवलेल्या कुपीवरच्या चांदीसारख्या पातळ पत्र्याचा नखाएवढा तुकडा होता. पत्रा भट्टीत तापवून, जंतू तपासून निर्धोक ठरवलेला. कल्पना वरिष्ठांची होती, पण आवडली सगळ्यांना, केतकीलाही. जंतू मारायला ती भट्टी पुरते. पण जे जिवंतच नाही ते मारायचं कसं, हा प्रश्न तेव्हा एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नव्हता.

केतकीच्या आईनं, वंदनाबाईंनी, ती डबी घरी नेऊन देव्हाऱ्यात अन्नपूर्णेशेजारी ठेवली होती. रोज हळदकुंकू वाहायच्या.

खाली फोन लागत नसे. केतकी केजकडे धावली. केज म्हणजे खाणीतला वरखाली करणारा लोखंडी पिंजरा. तो चालवणारा माणूस वर असतो, त्याला खालचं काही दिसत नाही. म्हणून सगळा कारभार घंटेच्या ठोक्यांवर. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली सोड. तीन म्हणजे आत माणूस आहे, जपून ने. केतकीला हे ‘अ आ इ’च्या आधीपासून येत होतं. ती लहान असताना बाबा जेवायला बसले की ताटावर बोटानं तीनदा ठकठक करत आणि आईला म्हणत, “आत माणूस आहे, वाढ!” आज घंटेचे तीन ठोके तिनं स्वतःसाठी दिले.

वर उजेडात येताच तिनं फोन लावला. “आई, बाबा कसे आहेत?”

“अवं, मस्त हायेत! आज दुधात कुस्करून पोळी खाल्ली. किती दिवसांनी पोळी! डाक्टरीण बाईबी चकित झाली. म्हणे गाठ दिसूनच नाही राहिली.” आईचा आवाज आनंदानं फुलला होता. “तुले एक सांगू? हसशील नको.”

“सांग.”

“तुही ती आभाळाची डबी. शेक सुरू झाले तवापासून रोज त्यातला अंगारा देऊन राहिली मी तुह्या बाबांले.”

“देऊन म्हणजे? गालावर लावते?”

“नाही वं! गालाले काहीच लावायचं नाही म्हणून डाक्टरीण बाईनं बजावलं होतं ना. तेल नाही, पावडर नाही. मी काय एवढी अडाणी हाय का? म्हणून तोंडात देते. नखानं पत्रा खरवडायचा, उदबत्तीच्या राखेत कालवायचा, अन् चिमूटभर जिभेच्या बाजूले.”

आईनं डॉक्टरांची आज्ञा तंतोतंत पाळली होती. खाणीच्या दाराशी मातीतच केतकी खाली बसली.

“आई, आजचा शेक झाला?”

“नंबर लागूनच राहिला. आता घेतील आत.”

“जाऊ देऊ नको. दारात आडवी पड, पण आज बाबांना आत जाऊ देऊ नको.”

“असं अभद्र काऊन बोलते वं?” आई घाबरून म्हणाली, आणि तेवढ्यात फोनमध्ये मागून बाबांच्या नावाचा पुकारा ऐकू आला.

केतकी नागपूरला पोचली तेव्हा बाबा बाकावर बसलेले होते. वंदनाबाईंनी खरोखरच दार अडवलं होतं. मागच्या भेटीत बाबा हातवाऱ्यांनी बोलत होते, तोंडातून लाळ गळत होती, गालफडं बसली होती. आज चेहऱ्यावर तकाकी होती. “केते, आली का?” ते म्हणाले. शब्द स्वच्छ, ठणठणीत. मुलीनं आनंदानं गळ्यात पडावं असा तो क्षण होता. केतकी मात्र त्यांच्या गालाकडे पाहत उभी राहिली.

डॉक्टर शबाना काझी तरातरा बाहेर आल्या. “माझ्या पेशंटचा शेक कोणी थांबवला?” त्याही आता शेकच म्हणत. केतकीनं त्यांना खोलीत नेऊन सगळं सांगितलं. डॉक्टरांनी उत्तरादाखल दोन फोटो समोर धरले. पहिल्यात लिंबाएवढी गाठ होती, दुसऱ्यात नव्हती. “इतकी वर्षं हेच काम करतेय. असा गुण आलेला मी पाहिला नाही. आणि तुम्ही म्हणता बंद करा?”

“त्यांच्या गालाच्या आत टॉर्च मारून पाहिलंत?”

“पाहिलं. तपकिरी डाग आहे. जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेल्या माणसाच्या तोंडात काय चांदी असणार?”

केतकीनं टॉर्च मागून घेतला आणि आईबाबांना आत बोलावलं. बाबांनी आ केला. दाढांच्या मुळापासून घशाच्या तोंडापर्यंत गालाची आतली बाजू कोरडी, चकचकीत, तपकिरी होती. तिनं काचेची कांडी घेऊन हलकेच टेकवली. टक्, असा आवाज आला. कौलावर नख मारावं तसा. डॉक्टर काझींनी तो ऐकला आणि त्या खुर्चीवर मागे सरकल्या, कारण माणसाचा गाल असा वाजत नाही.

“दुखलं का?” केतकीनं विचारलं.

“काहीच नाही. आता काहीच दुखत नाही वं,” बाबा हसून म्हणाले.

गाठ गेली नव्हती. गाठीच्या जागी खरवड आली होती.

“मग वाईट काय झालं?” वंदनाबाई म्हणाल्या. “गाठ खाल्ली ना तिनं? देवानंच पाठवली म्हणायची.”

“आई, तिला गाठ कळत नाही आणि गालही कळत नाही. शेक गाठीवर पडत होता, म्हणून आधी गाठ गेली. आता ती बाबांना खातेय. शेक थांबवला तरी पूर्ण थांबणार नाही. विटांत, खडकात, आपल्या रक्तातसुद्धा थोडा थोडा शेक असतोच. फक्त सावकाश.”

डॉक्टर काझींनी सवयीनं फोन उचलला. “ताबडतोब नवे फोटो काढू. कुठवर पसरलंय ते तरी...” मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि त्यांनी फोन खाली ठेवला. फोटोही किरणांचाच. जन्मभर त्यांनी ज्यानं पाहिलं, ज्यानं बरं केलं, तेच आता वापरता येत नव्हतं. वंदनाबाई पदराच्या टोकाला पीळ घालत होत्या.

“केतकी,” त्या हळूच म्हणाल्या, “मी बाकावरच्याइलेबी देल्ला.”

“काय दिलंस?”

“अंगारा. तुह्या बाबांले गुण आला तं सगळे मागाले लागले. आपल्या माणसाले बरं वाटलं अन् दुसऱ्याले नाही कसं म्हणू? विरजण मागतलं तं कोणी नाही म्हणते काय? पुड्या बांधून देल्ल्या.”

केतकीनं दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. बाक भरलेला होता. एक म्हातारी नातवाच्या डोक्यावरून हात फिरवत बसली होती, नातवाच्या मानेवर शेकाच्या जागेची निळी खूण होती. खूप माणसं होती आणि बरीचशी हसत होती. केतकी आयुष्यात इतकी कधी घाबरली नव्हती.

त्या दुपारी डॉक्टर काझींनी यंत्र बंद केलं. डब्या परत करा, अशा सूचना सरकारकडून निघाल्या, पण ते वरातीमागून घोडं होतं. देव्हाऱ्यातली वस्तू सरकारी सूचनेनं कोणी परत देतं का? बाकावर तर दंगाच झाला. ज्यांची माणसं सुधारत होती ते डॉक्टरांच्या अंगावर धावून गेले. शेवटी वंदनाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “देणारी मी, मागणारी बी मीच. माह्या पुड्या मले परत द्या.” दिलेला अंगारा परत मागू नये हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्या घरोघर मागत फिरणार होत्या.

बाबांना मात्र लगेच कुठंतरी न्यायला हवं होतं. इस्पितळात यंत्रं, वर विश्वकिरण. भोवती शिसं आणि वर डोंगर अशी एकच जागा केतकीला माहीत होती. चैतन्यच्या बशा ठेवायची कोठडी. माणूस झोपेल एवढी ती होती, हवा खेळती होती, आवाज ऐकायला जाळी होती. अडचण एकच. कोठडीच्या भिंतीत, हातभर शिशाच्या आड, कोबाल्ट होता. बाहेरचा दांडा ओढला की शिशाचं झाकण सरकून आत किरण पडत. तो काढून न्यायला खास गाडी मुंबईहून यायची होती आणि ती यायची तेव्हा यायची. आगीतून फुफाट्यात जातोय हे केतकीला कळत होतं, पण दुसरा उपाय नव्हता.

केज खाली उतरताना बाबा खूश होते. “आपल्या खाणीत वापस आलो,” ते म्हणाले आणि सवयीनं जुन्या सुरुंगांच्या खुणा चाचपत चालले.

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी पेज घेऊन गेली तर दाराजवळची खाट रिकामी होती. बाबा समोरच्या भिंतीला बिलगून बसले होते. गाल भिंतीला लावलेला, डोळे मिटलेले, थंडीत मांजर चुलीपाशी बसतं तसे.

“बाबा, तिथं काय करताय?”

“इथं ऊब हाय वं.”

भिंत बर्फासारखी गार होती. कोबाल्ट कुठल्या भिंतीत आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. शिशातून जे काही झिरपत होतं ते यंत्राच्या काट्यालाही धड हलवत नव्हतं आणि बाबांच्या गालाला ते कळत होतं. केतकीनं पेज तिथंच ठेवली आणि बाहेर येऊन चैतन्यचा हात घट्ट धरला.

पुढे बाबांना घास उतरेना. किरणांवाचून खरवड आवळत होती, सुकलेल्या कातड्यासारखी. एका सकाळी त्यांचा श्वासच अडकला. डोळे पांढरे झाले, हात हवेत फिरू लागले. केतकीनं काही विचार न करता दांडा ओढला आणि लगेच सोडला. क्षणभराचा शेक. बाबांचा श्वास मोकळा झाला. ते लहान मुलासारखे हसले आणि गाढ झोपले. ते उठल्यावर तिनं टॉर्च मारून पाहिलं. तपकिरी कड घशात खाली उतरली होती, उजेड पोचेल तिथवर.

तिचा चेहरा पाहूनच बाबांनी ओळखलं. त्यांनी तिला दारापाशी बसवलं, स्वतः आत खाटेवर बसले.

“शेकानं हे वाढते. होय ना?”

“होय.”

“अन् नाही देल्ला तं मी मरतो.”

केतकीला रडू फुटलं.

“रडू नको. ऐक माहं. मी शेक मागीन. पाया पडीन, शिव्या देईन, तुह्या लहानपणीच्या गोष्टी काढीन. देऊ नको. मी मागून राहिलो का हे मागून राहिलं,” त्यांनी गालावर नख वाजवलं, “ते माह्यं मलेच समजत नाही आता. म्हणून असं कर. रोज सांजेले मी दारावर तीन ठोके देईन. ठोके आले तं समजायचं...”

“आत माणूस आहे,” केतकी म्हणाली.

“शाबास. अन् ज्या दिवशी ठोके नाही, त्या दिवशी दार उघडाचं नाही. माती लोटून द्यायची. सुरुंग उडाला नाही तरी त्याच्याजवळ जायचं नसते, हे तुले मी शिकवलं.” मग ते थोडे थांबले. “मले भेव वाटून राहिलं, केते,” ते म्हणाले. बाबांच्या तोंडून हे वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर मागणं सुरू झालं. आधी हळू, मग दिवसभर. “केते, थोडासा शेक दे. तुले तुह्या आजीची शपथ. तू पडली होती तं मीच तुह्या गुडघ्याले शेक देल्ला होता ना? विसरली?” आवाज बाबांचा, आठवणी बाबांच्या. केतकी कानांत कापूस घालून बसे. पण संध्याकाळी दारावर ठक, ठक, ठक व्हायचं आणि मग आतून दमलेला, खरा वाटणारा एक सुस्कारा. तेवढ्या तीन ठोक्यांवर ती दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची.

वंदनाबाई नागपूरहून आल्या त्या थकून. बऱ्याच पुड्या मिळाल्या होत्या, काही मिळाल्या नव्हत्या. म्हातारीनं नातवाची पुडी परत दिली होती, पण रिकामी. वंदनाबाई कोठडीच्या दाराशी जाळीला कान लावून बसल्या, आणि आतलं मागणं ऐकून त्यांचा जीव तीळतीळ तुटू लागला.

“वंदे, ही पोरगी दगड झाली. तू तरी दे शेक. थंडीनं मरून राहिलो मी.”

“दे ना वं थोडासा,” वंदनाबाई केतकीला म्हणाल्या. “मरत्या जनावराले कोणी इतकं तडफडू देत नाही.”

“संध्याकाळ होऊ दे, आई. ठोके येऊ दे.”

त्या दिवशी मागणं दुपारीच थांबलं. आत शांतता. वंदनाबाई देवाचं नाव घेत होत्या, केतकी नुसती दाराकडे पाहत होती. संध्याकाळ झाली, टळू लागली, आणि केतकीनं आशा सोडली तेव्हा दारावर आतून वाजलं.

ठक. ठक. ठक.

“हायेत!” वंदनाबाई उठल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “माणूस आहे आत! आता मी नाही ऐकत. श्वासापुरता शेक देते,” आणि त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला.

केतकीनं त्यांच्या हातांवर हात ठेवला. “आई, थांब. मोज.”

ठक.

खाणीत चार ठोक्यांना अर्थ नव्हता. पाचालाही नव्हता. ठोके येत राहिले, एकसारखे, न दमता, आणि मध्येच बाबांचा आवाज आला, “ठोके देल्ले ना? आता शेक दे.” पुन्हा ठक. ठक. ठक. ठक. घरातल्या माणसांची भाषा ऐकून ऐकून कोणीतरी ती चुकत-माकत बोलून पाहत होतं.

वंदनाबाईंनी केतकीकडे पाहिलं. त्यांनी एक हात दांड्यावरून काढला, हातातल्या लोखंडी काकणाची कड दारावर टेकवली आणि जोरात एकच ठोका दिला.

एक ठोका म्हणजे थांब. तीस वर्षं मोरेश्वर कापगते त्या एका ठोक्याला जागच्या जागी थांबले होते, पाऊल उचललेलं असलं तरी. झोपेत असले तरी थांबले असते.

दोघी ऐकत राहिल्या. आतले ठोके थांबले नाहीत. वंदनाबाईंनी दुसरा हातही दांड्यावरून काढून घेतला.